खासगी अभ्यासाचा हक्क

पुण्याहून १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेने जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला जे निवेदन सादर केले, त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थरांच्या वाट्याला जातो, ही त्यांची तक्रार दरवर्षी ११ एप्रिलच्या, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या, भाषणांतून ऐकू येते, आणि ती ऐकू यायलाच हवी. त्याच निवेदनात उच्च शिक्षणाविषयीही एक लहानसा परिच्छेद आहे. मुंबई विद्यापीठ आपल्या प्रवेश परीक्षेला खासगी रीतीने अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना बसू देते, याबद्दल जोतीरावांनी त्यात समाधान व्यक्त केले आहे आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, अशी आशा धरली आहे. स्वतःच्या बळावर केलेला अभ्यास बी.ए., एम.ए. या पदव्यांसाठी विद्यापीठाने ग्राह्य धरला, तर कितीतरी तरुण त्या अभ्यासाला लागतील आणि त्यातून ज्ञान आणखी पसरेल, असे त्यांचे म्हणणे होते. नाना कारणांनी अनेकांना कॉलेजात जाऊन शिकणे जमत नाही, हे ते पाहत होते.

ही मागणी हवेतली नव्हती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. शिकवायचे ते संलग्न कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. पुढच्याच वर्षी, १८५८ च्या सनदेने, खुद्द लंडनने कॉलेजची अट काढून टाकली. कुठेही अभ्यास करावा, परीक्षेत उतरावे आणि पदवी घ्यावी, अशी सोय तिथे झाली. आपल्याकडे मूळ आराखडा आला, ही सोय आली नाही. जोतीरावांनी बोट ठेवले ते नेमके या जागी. विद्यापीठाचे कामच परीक्षा घेण्याचे असेल, तर परीक्षार्थी कुठे बसून शिकला याच्याशी त्याला काय करायचे आहे, असा साधा तर्क त्यामागे दिसतो.

११ एप्रिल २०२६ ला जोतीरावांचे द्विशताब्दी वर्ष सुरू होते. त्याच महिन्यात आणखी एका घटनेला पंचवीस वर्षे होतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एमआयटीने, ४ एप्रिल २००१ रोजी जाहीर केले की आपल्या जवळजवळ सगळ्या अभ्यासक्रमांचे साहित्य ती इंटरनेटवर विनामूल्य ठेवणार आहे. एका ठिकाणी परीक्षेचे दार उघडा अशी मागणी होती, दुसऱ्या ठिकाणी वर्गाचे दार उघडले. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, तर आज आपल्या विद्यापीठांनी काय करायला हवे ते स्पष्ट दिसते.

एमआयटीच्या निर्णयामागची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काळ डॉट-कॉम तेजीचा होता. इंटरनेटवरून शिक्षण विकून पैसा मिळवण्याची स्वप्ने मोठमोठी विद्यापीठे पाहत होती. कोलंबिया विद्यापीठाने पुढाकार घेऊन ‘फॅदम’ नावाची कंपनी काढली होती. एमआयटीनेही आपल्या प्राध्यापकांची एक समिती नेमून या नव्या बाजारात आपण कसे उतरावे याचा अभ्यास करायला सांगितले. समितीने हिशेब मांडला, त्यातून नफ्याची खात्री दिसेना, आणि मग तिने विकण्याचा विचार सोडून सगळे वाटून टाकावे असे सुचवले. अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी ते उचलून धरले. ह्यूलेट आणि मेलन या दोन प्रतिष्ठानांनी सुरुवातीचा खर्च दिला. सप्टेंबर २००२ च्या अखेरीस पहिले पन्नास अभ्यासक्रम प्रसिद्ध झाले, २००७ अखेर ही संख्या अठराशेवर गेली आणि पुढे अडीच हजारांच्या पलीकडे. फॅदम मात्र २००३ मध्येच बंद पडली.

काय होते त्या साहित्यात? अभ्यासक्रमाची आखणी, वाचनाची यादी, प्राध्यापकांची टिपणे, गृहपाठ, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका आणि काही विषयांची चित्रित व्याख्याने. पदवी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, प्राध्यापक उत्तर देतील अशी हमी नव्हती. तरीही लोक तुटून पडले. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्याने १९९९ साली वर्गात चित्रित झालेली आहेत. फळा, खडू आणि घाई न करता बोलणारा एक शिक्षक, यापलीकडे त्यांत काही नाही. जगभरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सारणी म्हणजे काय हे पहिल्यांदा कळले ते त्या व्याख्यानांतून. साठाहून अधिक वर्षे एमआयटीत शिकवून स्ट्रँग यांनी मे २०२३ मध्ये शेवटचा तास घेतला, तोही चित्रित झाला आणि तोही कुणालाही पाहता येतो. चांगल्या शिकवण्याचे आयुष्य शिक्षकाच्या नोकरीपेक्षा मोठे होऊ शकते, हे आपल्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले.

यातला एक तपशील सहज नजरेतून सुटतो. एमआयटीने साहित्य नुसते दाखवले नाही, ते उतरवून घ्यायला, बदलायला, भाषांतर करायला आणि पुन्हा वाटायला परवानगी दिली. अट इतकीच की मूळ लेखकाचा उल्लेख करावा, त्यावर धंदा करू नये आणि आपण केलेली नवी आवृत्तीही तशाच परवान्याने खुली ठेवावी. युनेस्कोने २००२ साली पॅरिसमध्ये भरवलेल्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ असे नाव मिळाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सदस्य राष्ट्रांनी त्याविषयीची शिफारस स्वीकारली. फुकट पाहायला मिळणारे साहित्य उद्या मालक काढून घेऊ शकतो. परवाना देऊन खुले केलेले साहित्य ज्याच्या हाती पडले, त्याच्याकडून परत घेता येत नाही. मराठीसारख्या भाषेला या फरकाचे मोल फार आहे, कारण भाषांतराचा हक्क त्या परवान्यातच येतो.

भारतानेही फार वेळ लावला नाही. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून एनपीटीईएल या खुल्या व्याख्यानांच्या प्रकल्पाचे काम सुरू केले. खर्च केंद्र सरकारचा होता. ज्या प्राध्यापकांसमोर बसायला लाखो मुले वर्षानुवर्षे शिकवण्या लावतात, त्यांची व्याख्याने कुणालाही पाहता येऊ लागली. २०१४ पासून प्रमाणपत्राची परीक्षा आली. २०१७ च्या गुरुपौर्णिमेला, ९ जुलैला, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले आणि अभियांत्रिकीपलीकडचे विषय मोठ्या प्रमाणावर आले. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी डीटीएचवर ‘स्वयंप्रभा’च्या ३२ वाहिन्या सुरू झाल्या. त्याआधी दहा महिने, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ बाजारात आले होते आणि मोबाइलचा डेटा कोसळत्या भावात मिळू लागला होता. एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचे भाग्य फार थोड्या देशांना लाभते.

मधल्या काळात अमेरिकेत एक लाट येऊन गेली. २०११ च्या शरदात स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या अभ्यासक्रमाला एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नावे नोंदवली. पाठोपाठ २०१२ मध्ये खुले अभ्यासक्रम देणारी कोर्सेरा ही कंपनी निघाली, एमआयटी आणि हार्वर्ड यांनी तसेच एडएक्स काढले, आणि आता विद्यापीठांचे दिवस भरले अशी भाकिते झाली. ती खोटी ठरली. एडएक्सवरच्या दोन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक अभ्यासक्रमाचे पान उघडूनही पाहत नव्हते, आणि २०१७-१८ मध्ये शेवटपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण जेमतेम ३.१३ टक्के होते. नव्याने येणारे विद्यार्थीही बहुतेक श्रीमंत देशांतले होते. २०२१ मध्ये एडएक्स ८० कोटी डॉलरना एका नफ्याच्या कंपनीला विकले गेले आणि ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ज्ञान सर्वांना द्यायचे म्हणून काढलेली संस्था तेरा वर्षांच्या आत अशी हातोहात गेली. खुल्या शिक्षणाची मालकी कुणाकडे आहे, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या तत्त्वचर्चेचा राहत नाही.

या आकड्यांवरून खुले अभ्यासक्रम फसले असा निष्कर्ष काढणारे काढोत. आमच्या मते त्यांतून दुसरेच काही दिसते. एकटा माणूस एका पडद्यासमोर फार दिवस टिकत नाही. त्याला सोबत लागते, अडले तर विचारायला कुणीतरी लागते, आणि शेवटी आपण केलेल्या श्रमांची कुठेतरी नोंद होईल असा भरवसा लागतो. या तिन्ही गोष्टी देण्याचे सामर्थ्य आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत आहे. ते वापरले जाते का?

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज ‘एनपीटीईएल केलंस का?’ हा नेहमीचा प्रश्न आहे. महाविद्यालयाचे ‘लोकल चॅप्टर’ असते, एका प्राध्यापकाकडे त्याचे काम असते, जानेवारीत आणि जुलैत नावनोंदणीची सूचना फिरते. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा. दर आठवड्याला गृहपाठ. शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. पंचवीस गुण गृहपाठाचे, पंचाहत्तर परीक्षेचे. शिकणे फुकट, परीक्षेची फी साधारण हजार रुपये, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत. ही व्यवस्था मुळात चांगली आहे. प्रत्यक्ष हजर राहून द्यायची परीक्षा असल्यामुळे त्या प्रमाणपत्राला वजन आहे. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाला शिक्षकच नाही, तिथल्या मुलांना निदान एक चांगला आवाज ऐकायला मिळतो. स्वतः शिक्षकही ही व्याख्याने ऐकून आपला तास सुधारतात. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांनी देशभरच्या महाविद्यालयांतल्या हजारो शिक्षकांना एकाच वेळी, दूरस्थ केंद्रांवर जमवून, प्रशिक्षण दिले होते, तेही याच विश्वासाने.

पण याच व्यवस्थेला एक कीड लागली आहे. मूल्यांकनाच्या फाइलीत किती प्रमाणपत्रे दाखवता येतील, याची जिथे घाई असते, तिथे गृहपाठाची उत्तरे टेलिग्रामच्या गटांवर फिरतात आणि मुले ती टिकमार्क करून मोकळी होतात. व्याख्यान दुप्पट वेगाने चालू ठेवून बाजूला दुसरेच काम चालते. याचा दोष आम्ही विद्यार्थ्यांना देणार नाही. दिवसभर महाविद्यालयाचे तास, टर्मवर्क, सबमिशन, राहिलेल्या केटी, आणि वर ही बारा आठवड्यांची भर. त्या व्याख्यानांवर आठवड्यातून एक तास वर्गात बसून चर्चा करावी, अडलेले गणित फळ्यावर सोडवावे, असे वेळापत्रकात कुठेच लिहिलेले नसते. जिथे एखादा शिक्षक स्वतःहून हे करतो, तिथे चित्र वेगळे असते. मुले परीक्षेला भीत नाहीत. मात्र त्या शिक्षकाचा हा तास त्याच्या कार्यभारात मोजला जात नाही. हा तास मोजा. खुल्या शिक्षणासाठी आज करता येण्याजोगी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक सुधारणा तीच आहे.

आता पदवीचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांतून वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायला मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा चाळीस टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी श्रेयांक साठवून ठेवणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. कागदावर हे मोठे पाऊल आहे. पण हे श्रेयांक पदवीत जमा होतात ते मुळात कुठल्या तरी संस्थेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या. प्रवेशच न घेतलेल्या माणसाने, समजा औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या एखाद्या बाईने, पाच वर्षांत वीस अभ्यासक्रम प्रामाणिकपणे पुरे केले, तर त्यांच्याजवळ वीस प्रमाणपत्रे जमतात, पदवी होत नाही. १८८२ ची मागणी इथे येऊन पुन्हा उभी राहते.

मधल्या काळात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहिःस्थ परीक्षार्थींची सोय झाली, १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनी ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद नुसते बोधचिन्हावर ठेवले नाही. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून त्यांनी पदवीची वाट मोकळी केली. स्वतः वाचून समजेल अशी मराठी पाठ्यपुस्तके लिहून घेतली. तालुक्याच्या महाविद्यालयात रविवारी भरणाऱ्या त्या अभ्यासकेंद्रांनी किती पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, वाहक आणि गृहिणी पदवीधर केल्या, याची महाराष्ट्राने पुरेशी कदर केलेली नाही. त्या पदवीकडे नोकरीच्या बाजारात नाके मुरडली गेली, हे दुःखदायक आहे. अलीकडे आयआयटी मद्रासने २०२० पासून डेटा सायन्सची पदवी घरबसल्या देऊ केली. जेईईची अट नाही. चार आठवडे अभ्यास करायचा, पात्रता परीक्षा द्यायची आणि पुढे जायचे. व्याख्याने घरी, परीक्षा मात्र केंद्रावर. मध्येच थांबावे लागले, तर तिथवरच्या अभ्यासाची नोंद हातात पडते. हीच सोय एखाद्या मुक्त विद्यापीठाने केली असती, तर ती दुय्यम ठरवली गेली असती. आयआयटीने केली म्हणून ती आधुनिक ठरली. प्रतिष्ठेचा हा भेदभाव जायला हवा असेल, तर आपल्या पारंपरिक विद्यापीठांनीही आपल्या परीक्षा याच रीतीने बाहेरच्यांना खुल्या केल्या पाहिजेत. निदान ज्या विषयांना प्रयोगशाळा लागत नाही त्यांच्या तरी: गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, भाषा, वाणिज्य.

भाषेकडे येताना पवईचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प इतका साधा आहे की तो सहजी डोळ्यांत भरत नाही. एखादे मुक्त सॉफ्टवेअर, समजा लिब्रेऑफिस, पायथन, लाटेक् किंवा सायलॅब, कसे वापरायचे ते दाखवणारी साधारण दहा-दहा मिनिटांची ध्वनिचित्रे. आधी संहिता लिहायची. मग तो विषय न येणाऱ्या माणसाला ती वाचायला द्यायची आणि त्याला समजली तरच पुढे जायचे. पडद्यावर अर्ध्या भागात ध्वनिचित्र आणि उरलेल्या अर्ध्यात ते सॉफ्टवेअर उघडून ठेवायचे, म्हणजे पाहता पाहता करून बघता येते. प्रत्येक वाक्य कितव्या सेकंदाला येते याची नोंद ठेवलेली असते, त्यामुळे चित्र तेच ठेवून आवाज दुसऱ्या भाषेत भरता येतो. या रीतीने बावीस भाषांपर्यंत मजल गेली आणि मराठी त्यांत आहे. सगळे मुक्त परवान्याखाली आहे. इंटरनेट नसेल तर ते उतरवून घेऊन संगणकांवर टाकता येते, आणि महाविद्यालयात शिबिर भरवून शेवटी परीक्षा घेता येते.

या कामात शहाणपण आहे ते मर्यादा ओळखण्याचे. सॉफ्टवेअरची बटणे इंग्रजीतच आहेत, ती मुलांना पुढे इंग्रजीतच दिसणार आहेत, म्हणून ती तशीच ठेवली. समजावणी तेवढी मायबोलीत केली. बारावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलाची पहिल्या वर्षी जी घुसमट होते, ती नेमकी समजावणीच्या जागी होते. पारिभाषिक शब्द तो चार दिवसांत उचलतो. ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘असे असल्यास’ ही तर्काची साखळी परक्या भाषेत तुटते. ती साखळी ऐकण्यासाठी मराठीत सांगितलेले तास हवेत. एनपीटीईएलने व्याख्यानांचे मराठी उपशीर्षकांत आणि लिखित रूपांत भाषांतर करायला घेतले, हे स्वागतार्ह आहे. यंत्राच्या मदतीने हे काम आता वेगाने होईल. पण यंत्राने केलेला मजकूर विषय शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकाच्या हाताखालून गेल्याशिवाय मुलांसमोर ठेवू नये. चुकीचे समजावणे हे न समजावण्याहून वाईट असते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला चूक पकडता येत नाही.

शिवाय मराठीत जे आधीच लिहून झाले आहे, त्याचे काय? केंद्र सरकारने १९६८-६९ मध्ये विद्यापीठीय पुस्तके प्रादेशिक भाषांत तयार करण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांची योजना आणली होती. त्यातून नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने सत्तरच्या दशकात विज्ञान, शेती आणि सामाजिक शास्त्रांवर मराठीत पदवी पातळीची पुस्तके काढली. चांगल्या प्राध्यापकांनी मन लावून लिहिलेली ती पुस्तके आज जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत. बाजारात मिळत नाहीत, इंटरनेटवर सहसा सापडत नाहीत. जनतेच्या पैशातून झालेले हे काम स्कॅन करून, ज्यांचे हक्क गुंतले आहेत त्यांची परवानगी घेऊन, मुक्त परवान्याने प्रसिद्ध करायला किती खर्च येईल? फार नाही. वाईच्या विश्वकोशाचे खंड २०११ पासून इंटरनेटवर वाचता येऊ लागले, तेव्हा विज्ञानाच्या मराठी लेखनाला किती आधार मिळाला ते सगळ्यांनी पाहिले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने विनामूल्य उपलब्ध केली, म्हणून ज्याला हवे त्याला ती घरी वाचता येतात. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले. त्या विद्यापीठाने हे पुस्तकांचे काम अंगावर घेतले, तर त्याचा पहिला दशकभराचा उद्योग तिथेच ठरून जाईल.

कायद्याचा बाऊ करणाऱ्यांनी दिल्लीचा एक निकाल लक्षात ठेवावा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात पाठ्यपुस्तकांतल्या नेमलेल्या भागांचे संच झेरॉक्स करून मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात अशा प्रती काढायला मुभा देते. खंडपीठानेही ही मुभा मान्य केली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. त्या लढाईत विद्यार्थी आणि लेखक-प्राध्यापक दुकानदाराच्या बाजूने उभे राहिले होते. कायदा आपल्या बाजूचा आहे, तो वापरण्याचे धैर्य हवे. दुसरीकडे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेसाठी केंद्राने २०२४ मध्ये तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये मंजूर केले, तीस प्रकाशकांची तेरा हजार नियतकालिके सरकारी संस्थांना वाचता यावीत म्हणून. वाचायला मिळणे चांगलेच. पण ही भाड्याची व्यवस्था आहे. वर्गणी थांबली की कपाट रिकामे. शिवाय पहिल्या टप्प्यात लाभ सरकारी संस्थांना आहे, आणि महाराष्ट्रातले अभियांत्रिकीचे बहुसंख्य विद्यार्थी खासगी महाविद्यालयांत आहेत. त्या सहा हजार कोटींतला छोटासा वाटा जरी कायमचे खुले राहील असे साहित्य लिहून घेण्यावर खर्च झाला, तरी तो पैसा पिढ्यान्‌पिढ्या व्याज देईल.

साधनांचा प्रश्न उरतोच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या ४.४ टक्के घरांतच संगणक आढळला होता. मोबाइल सर्वत्र पोचला, त्याला काही वर्षे झाली, पण पाच इंची पडद्यावर आज्ञावली लिहिता येत नाही की लेखापुस्तकाचा ताळेबंद मांडता येत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात संगणक कक्ष असतो आणि संध्याकाळी पाच वाजता त्याला कुलूप लागते. तो रात्री नऊपर्यंत उघडा ठेवून गावातल्या कुणालाही, विद्यार्थी असो वा नसो, तिथे बसून शिकू द्यावे. यासाठी एका कर्मचाऱ्याचे मानधन, विजेचे बिल आणि प्राचार्यांची इच्छा एवढेच लागते. सार्वजनिक ग्रंथालयांचे जे जाळे महाराष्ट्रात आहे, त्यालाही यात सामील करता येईल. अभ्यासिका त्यांनी आधीच चालवल्या आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी त्या भरलेल्या आहेत.

आपल्या विद्यापीठांनी स्वतः काय खुले केले, या प्रश्नाचे उत्तर मात्र समाधानकारक नाही. आपण आयआयटीची व्याख्याने वापरतो, अमेरिकेची वापरतो. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नांदेड, सोलापूर, अमरावती, गडचिरोली इथे जे उत्तम शिक्षक आहेत, त्यांचे तास भिंतीबाहेर येत नाहीत. सह्याद्रीचा भूगोल, मराठवाड्याचा दुष्काळ, विदर्भाच्या कापसाचे अर्थकारण, गोंडी आणि कोरकू भाषा, सहकारी कारखान्यांचा ताळेबंद, मराठेशाहीची मोडी कागदपत्रे: हे शिकवणारे अभ्यासक्रम पवईला किंवा केंब्रिजला तयार होणार नाहीत. ते इथेच आणि इथल्या भाषेत व्हायला हवेत. अनेक शिक्षकांना संकोच असतो, आपला तास जगासमोर ठेवायचा म्हणजे चुका दिसणार. काहींना भीती असते की एकदा चित्रित झाले की आपली गरज संपेल. तासिका तत्त्वावर जगणाऱ्या माणसाची ती भीती खोटी नाही, आणि रिकामी पदे भरण्याऐवजी ध्वनिचित्रे लावून देण्याचा मोह कुणा संस्थाचालकाला झाला, तर त्याला कायद्यानेच अडवले पाहिजे. खुल्या साहित्याने शिक्षकाची जागा भरत नाही, हे वरच्या ३.१३ टक्क्यांनी सिद्ध केले आहे. मराठीत एक चांगला खुला अभ्यासक्रम तयार करायला जे महिने लागतात, ते बढतीच्या वेळी एका शोधनिबंधाइतके तरी मोजले जावेत. आज ते प्रमाण फार व्यस्त आहे, आणि त्यामुळे परदेशी नियतकालिकात पाच जणांनी वाचलेला लेख हजारो मुलांनी ऐकलेल्या तासापेक्षा मोठा ठरतो.

एमआयटीने सुरुवात पन्नास अभ्यासक्रमांनी केली होती. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांनी मिळून या वर्षात मराठीतले पन्नास अभ्यासक्रम मुक्त परवान्याने प्रसिद्ध करायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच येतील. त्यांच्या परीक्षा बाहेरच्या कुणालाही, वय आणि प्रवेश न विचारता, देता याव्यात. उत्तीर्ण झालेल्याचे श्रेयांक त्याच्या नावावर जमा राहावेत आणि पुरेसे जमले की विद्यापीठाने पदवी द्यावी. यासाठी परिनियमांत बदल लागतील, परीक्षा विभागावर भार पडेल, नियमित विद्यार्थ्यांची संख्या घटेल अशी शंका महाविद्यालये घेतील. या शंकांची उत्तरे विद्या परिषदेत शोधता येतील. पहिल्या पाच विषयांची निवड आणि लेखकांची नावे अभ्यास मंडळांच्या पुढच्या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आली, तर जूनमध्ये चित्रीकरण सुरू होऊ शकते आणि दिवाळीनंतरच्या सत्रात पहिली परीक्षा घेता येईल.